दुसरं बोट आणि जोडबस

आमच्या डेपोत तिला सगळे लोणीताई म्हणत. तिचा ब्रेक इतका मऊ, की उभ्या माणसाच्या हातातला पाण्याचा कप हिंदकळू नये. अकरा वर्षं मी तिच्या गाडीवर कंडक्टर होते, आणि त्या अकरा वर्षांत दांडा न धरता अख्ख्या गाडीत तिकिटं देत फिरले. हाच शहाणपणा दुसऱ्या कुणाच्या गाडीवर केला असता तर दात घशात गेले असते.

अंगाने ती आडवी, आवाजाने त्याहून आडवी, आणि वय पन्नाशीला दोन कमी. स्टिअरिंगवर बसली की मात्र एकदम गप्प. मागचा हॉर्न, शेजारून घुसणारा सायकलवाला, माझी डबल घंटी, सगळं तिच्या कानात जायचं आणि चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. गाडी चालवायला डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात, असं ती नेहमी म्हणायची. ती तसं का म्हणते, हे मला फार उशिरा कळलं.

बारा वर्षांपासून तिला साखर होती. गोळ्या घ्यायची, विसरायची, कुणी ओरडलं की पुन्हा घ्यायची. आधी पायांना मुंग्या यायच्या. मग त्या यायच्या बंद झाल्या, तर बाई खूश. पाय सुधारला म्हणाली. पाय सुधारला नव्हता, झोपला होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकून घ्यायला ती एका जागी थांबली असती तर ना.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर डेपोच्या फळ्यावर कागद लागला. जोडबस येणार होती. दोन बसगाड्या एकामागे एक जोडलेल्या, मधे भात्यासारखी घडी, अठरा मीटर लांब. आमच्या शहरात अशी गाडी कुणी पाहिलेली नव्हती. चार ड्रायव्हर निवडायचे होते आणि यादीत पहिलं नाव लोणीताईचं होतं. तिने तो कागद तीनदा वाचला, मग माझा दंड असा दाबला की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ दिसत होते. त्या दिवशी तिने एका स्टॉपवर गाडी पाच पावलं पुढे नेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

गाडी आली त्या सकाळी सुट्टीवर असलेलेसुद्धा डेपोत हजर. फाटकातून ती आत शिरायला लागली आणि शिरतच राहिली. पुढचा भाग वर्कशॉपकडे वळला तरी मागचा अजून रस्त्यावरच. मेकॅनिक लोक टाळ्या पिटत होते. लोणीताई गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आली, मधल्या भात्यावर हात फिरवला, आणि आत जाऊन सांध्यावरच्या गोल चकतीवर उभी राहिली. गाडी वळते तेव्हा ही चकती पायाखाली फिरते. ट्रेनिंगच्या साहेबांनी ड्रायव्हरला मुद्दाम एक वळण घ्यायला लावलं. चकती फिरली, भिंती दुमडल्या, आणि आमची ही आडवी बाई शाळेतल्या पोरीसारखी खिदळली.

नव्या गाडीबरोबर नवा गणवेश आला आणि नवे बूट आले. काळे, कडक, पुढून निमुळते. बाकीच्या तिघांनी दुसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू केली, बोटं चावतात म्हणून. लोणीताई म्हणाली, मला तर काही वाटत नाही बाई, झकास आहेत.

सकाळचे दोन तास आवारात सराव, मग आमची रोजची गाडी. पिंपं मांडून त्यांच्यामधून जोडबस काढायची. पुढे जाणं तिला आठ दिवसांत जमलं. मागे घेणं मात्र कुणालाच जमेना. मागे घ्यायला गेलं की गाडी मधेच मुडपायची, सांध्याचा भोंगा किंचाळायला लागायचा आणि साहेब हातातली वही आपटायचे. ती मान हलवत माझ्याकडे यायची आणि म्हणायची, ही मला फसवतेय, पण मी हिला पकडणार.

त्याच दिवसांत तिच्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या टोकाला एक फोड आला आणि फुटला. हरभऱ्याएवढी जखम. दुखत नव्हती, म्हणून तिने पट्टी लावली आणि विसरली. पंधरा दिवसांनी ती तेवढीच होती. नेहमीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पायाचा फोटो काढला. फोटो स्वच्छ आला. तिचा जीव भांड्यात पडला. ट्रायल रनला दोन महिने होते, तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, भिंतभर टिकटिक, आणि मधे डोळ्याला भिंग लावून बसलेला हा बारीक माणूस. मी त्यांना भावजी म्हणते. बोलणं कमी. एका रविवारी मी तिच्या घरी गेले होते. ती पलंगावर पाय पसरून मला पिंपांचा नकाशा समजावत होती. भावजी पायथ्याशी बसून तिची पट्टी बदलत होते. मोजा उतरवताना त्यांनी नाक आखडलं. बोट सुजून गाजरासारखं झालं होतं, वरपासून खालपर्यंत एकसारखं लाल.  ते उठून खाली दुकानात गेले, भिंग आणि छोटा दिवा घेऊन आले, भिंग डोळ्याला लावलं आणि तिच्या बोटावर वाकले, घड्याळाच्या पोटात वाकतात तसे.

बराच वेळ ते तसेच होते. ती बडबडतच होती. मग त्यांनी भिंग काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आत पांढरं दिसतंय."

"पू असेल," ती म्हणाली.

"पू हलतो," भावजी म्हणाले. "हे हलत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मोठ्या दवाखान्यात होतो. पायांच्या डॉक्टरीणबाई तरुण, बुटक्या, आणि बोलायला ड्रायव्हरपेक्षा फटकळ. त्यांनी एक बोथट स्टीलची बारीक काडी घेतली आणि जखमेतून हळूच आत सरकवली. मी तोंड फिरवलं. लोणीताई मजेत बघत होती, जणू दुसऱ्याचाच पाय. काडी आत गेली आणि टक् असा बारीक आवाज आला. खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला.

डॉक्टरीणबाईंनी काडी बाहेर काढली आणि सांगितलं की हे टक् म्हणजे हाड. जखम हाडापर्यंत गेली आहे, आणि जिथे जखम हाडापर्यंत जाते तिथे बहुतेक वेळा जंतूही हाडात घुसलेले असतात. मग पहिला फोटो स्वच्छ कसा, असं भावजींनी विचारलं. त्या म्हणाल्या, हाडाचं नुकसान फोटोत दिसायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर फोटो शहाण्यासारखा गप्प बसतो. नवा फोटो काढला. दिव्यासमोर धरला तर दुसऱ्या बोटाच्या टोकाचं हाड उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखं. मग मोठ्या मशीनमध्ये घालून आणखी चित्रं काढली. त्यात अंगठ्याच्या टोकाशीही संशयाचा डाग निघाला.

त्यानंतरची तपासणी मी जन्मात विसरणार नाही. डॉक्टरीणबाईंनी एक नायलॉनचा ताठ धागा घेतला, ताईला डोळे मिटायला सांगितले, आणि तळपायावर दहा ठिकाणी टेकवला. जाणवलं की हो म्हणायचं. डाव्या पायाला ती सात वेळा हो म्हणाली. उजव्या पायाला तीन वेळा. बाकी वेळ ती डोळे मिटून हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती, की आता टेकवतील, आता टेकवतील. धागा केव्हाच टेकून उठला होता.

"तुम्ही काय काम करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बस चालवते."

"या पायाने?"

लोणीताईने डोळे उघडले. तिचा चेहरा मला बघवेना. ती म्हणाली, की पेडल किती दबलंय ते तिला पायाला कळत नाही, गेली दोन-तीन वर्षं कळतच नाही. गुडघ्याला कळतं, आणि इंजिनाच्या आवाजावरून कळतं. तिला वाटायचं, वय झालं की सगळ्यांचं असंच होतं. एवढं बोलून ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "माझ्या मागे रोज साठ माणसं बसत होती गं."

 मी पण त्या साठांतलीच होते.

पण ही बाई हातपाय गाळून बसणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या क्षणाला तिने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, की आता काय करायचं आणि किती लवकर. त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. दुसऱ्या बोटाचं हाड मेलेलं आहे, मेलेल्या हाडाला रक्त मिळत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. ते बोट काढावं लागेल. अंगठ्याच्या हाडाचा कण तपासायला पाठवू. त्यातही जंतू निघाले तर सहा आठवडे रोज शिरेतून औषध, आणि या पायावर भार द्यायचा नाही. अंगठा वाचण्याची आशा चांगली आहे, पण शब्द देत नाही.

"ब्रेक कुठल्या बोटाने मारतात, माहितीये तुम्हाला?" लोणीताईने विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. बावीस वर्षं मारतेय. आता एक गेलं की कळेल."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी पायातलं रक्त तपासायचं छोटं यंत्र घोट्यावर टेकवलं. खरखर झाली आणि मग एकदम धप्, धप्, धप्, खोली भरून आवाज. रक्त जोरात वाहत होतं. हे ऐका, त्या म्हणाल्या, हे असलं की जखमा भरतात. भावजी इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, कान जवळ नेला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजायला लागले. मिनिटभराने म्हणाले, चाल बरोबर आहे. ताईला हसू आवरेना, आणि मला रडू.

बुधवारी बोट काढलं. पाऊण तासाचं काम. शुद्धीत होती, कमरेखाली बधिर केलं होतं, आणि आतून तिचा आवाज बाहेर येत होता. ती भूल देणाऱ्या डॉक्टरांना जोडबस समजावत होती. बाहेर आली ती पायाकडे न बघता मला म्हणाली की तिला एक युक्ती सुचली आहे, भावजींना आधी बोलव.

अंगठ्याच्या हाडातही जंतू निघाले. तिच्या दंडातून एक बारीक नळी आत सोडली आणि रोज सकाळी अकराला दवाखान्यात जाऊन त्यातून औषध घ्यायचं ठरलं. पायात टाचेवर चालायचा उंच बूट, हातात काठी, आणि घरी पाय उशीवर. साखरेचं इंजेक्शन ती स्वतः टोचून घ्यायला शिकली. गोळ्या विसरणारी बाई वहीत आकडे लिहू लागली. कालच्यापेक्षा आकडा खाली आला की डेपोत फोन करून मला सांगायची.

आणि ती युक्ती. घड्याळाच्या दोन लांबट पत्र्याच्या डब्या भावजींनी घेतल्या, मधे पिनेने सांधा केला, जुन्या घड्याळांची दातेरी चाकं खाली बसवली, पुढची दोन चाकं वळतील अशी. जोडबस तयार. पलंगावर एक फळी ठेवून ती दिवसभर ती डबी पुढे-मागे ढकलत बसायची. मी संध्याकाळी जायचे तेव्हा फळीवर खडूच्या रेघाच रेघा. शेजारी तिचा पाय मांडीवर घेऊन भावजी बसलेले. अठराव्या दिवशी मी दारात पाऊल ठेवते तोच ती ओरडली, "सापडलं. बूट काढू नकोस, आधी इकडे ये."

तिने दाखवलं. गाडी डावीकडे मुडपली असेल आणि मागे घ्यायची असेल, तर माणूस घाबरून चाक उजवीकडे फिरवतो. तिथेच घात होतो. चाक घडीच्याच बाजूला, डावीकडेच, पूर्ण ठेवायचं आणि मुंगीच्या चालीने मागे यायचं. ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने गाडी बाहेर येते. घडी वाढतेय वाटलं की थांबायचं, थोडं पुढे जाऊन मोकळं करायचं, पुन्हा मागे. डबी तिच्या बोटांखालून झुळकीसारखी मागे आली. तिने मला दहा वेळा करायला लावलं. मला अकराव्या वेळी जमलं आणि आम्ही दोघी एवढा आरडाओरडा करत होतो की खालचे शेजारी वर बघायला आले.

पाचव्या आठवड्यात जोडबसची पहिली रस्त्यावरची चाचणी होती. रिकामी गाडी, प्रवासी नाहीत. ताईच्या जागी आमचा मिशीवाला ड्रायव्हर होता. सज्जन माणूस, आदल्या दिवशी तिच्या घरी येऊन, तुमची पाळी मी घेतोय, राग मानू नका, असं सांगून गेला होता. ती म्हणाली होती, राग कसला, फक्त फर्निचरच्या दुकानांपाशी वळताना जपून.

त्या दिवशी ती औषध घेऊन परत निघाली ती माझ्याच गाडीने. फर्निचरच्या दुकानांच्या अलीकडे आमची गाडी थांबली. पुढे सगळं ठप्प. मी उतरून बघितलं आणि पळत परत आले.

जोडबस वळणावर अडकली होती. डावीकडच्या अरुंद रस्त्यात तिचं तोंड घुसलं होतं, उजवा कोपरा एका भिंतीपासून वीतभर. वळणाच्या आतल्या बाजूला दिव्याचा खांब, आणि मागच्या डब्याचं पोट त्या खांबाला टेकायला आलेलं. पुढे जावं तर खांब, मागे यावं तर सांधा मुडपून भोंगा बोंबलतोय. शंभर माणसं जमलेली आणि शंभरही सल्ला देत होती. साहेब घामाघूम होऊन फोनवर क्रेन मागत होते. मिशीवाला चाक उजवीकडे पिळत होता.

ताईने माझा हात धरला आणि उतरली. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई मला सोलून काढतील. ती म्हणाली, मी उभी राहणारच नाही. फर्निचरच्या दुकानदाराकडून तिने एक जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि एक स्टूल मागून घेतलं. दुकानदाराने भाबडेपणाने विचारलं, कुठे ठेवू? भर रस्त्यात, ती म्हणाली. आणि तिथे, वळणाच्या आतल्या बाजूला, खांबापासून सुरक्षित अंतरावर, जिथून सांधा दिसेल आणि आरशात ती मिशीवाल्याला दिसेल, अशी ती बसली. पाय स्टुलावर. काठी हातात.

"साहेब, क्रेन नको," ती म्हणाली. "क्रेन भाता फाडेल. तुम्ही फक्त भिंत बघा. वीत आहे, त्याची चार बोटं झाली की हात वर करा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, फोन खिशात टाकला आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मला तिने खांबाशी पाठवलं. मग मिशीवाल्याला चाक डावीकडे घ्यायला सांगितलं. त्याने खिडकीतून डोकं काढलं. डावीकडेच तर अडकलोय ना ताई, असं तो काकुळतीला येऊन म्हणाला. ती म्हणाली, गेलास तसाच ये, माझ्यावर विश्वास ठेव.

चाक डावीकडे फिरलं. गाडी मागे सरकली, टाचेएवढी. भोंगा ओरडला. काठी वर. गाडी थांबली. थोडी पुढे. काठी खाली. पुन्हा मागे. या खेपेला भोंगा ओरडला नाही. मी खांब आणि पत्रा यांच्यात तळहात धरून होते. आधी तळहात जाईना, मग आडवा गेला, मग उभा. मी ओरडून सांगत होते, गर्दी माझ्यामागून ओरडत होती, आणि मधे ती खुर्चीत बसून काठीचं टोक बारीक बारीक हलवत होती. साहेबांचा हात एकदा वर गेला. पुढे, थोडं. पुन्हा मागे.  नऊ वेळा पुढे-मागे झालं. दहाव्या वेळी भात्याच्या घड्या एकेक करून उलगडायला लागल्या, मागचा डबा खांबापासून मोकळा झाला, आणि अठरा मीटरची ती अजस्र गाडी सरळ रेषेत मोठ्या रस्त्यावर उभी राहिली. पत्र्यावर एक ओरखडा नाही.

लोकांनी जो गलका केला तो मी सांगूच शकत नाही. मिशीवाला खाली उतरला. तो तिच्यापाशी येऊन रस्त्यावरच बसला. दुकानदार खुर्ची परत न्यायला तयार होईना, बसा अजून म्हणत होता. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली की एकवीस मिनिटं झाली, पाय बसूनच होता, डॉक्टरीणबाईंना तसं सांग.

सहा आठवड्यांनी नळी काढली. जखम मिटली होती, रक्तातले आकडे खाली आले होते, नव्या फोटोत अंगठ्याचं हाड स्वतःची कड पुन्हा बांधायला लागलं होतं. अंगठा वाचला. डॉक्टरीणबाईंनी तो स्वतःच्या चिमटीत धरून हलवला आणि म्हणाल्या की यासाठी मी आज घरी जाऊन नाचणार आहे.

मग उरला ड्रायव्हरांच्या तपासणीचा दिवस. तपासणी मंडळात तीन डॉक्टर होते. त्यांनी विचारायच्या आधीच तिने बूट काढला आणि सांगितलं की या पायाला दहापैकी सात ठिकाणी कळत नाही, धागा आणलाय का. त्यांनी तपासलं. रस्त्यावर प्रवासी घेऊन गाडी चालवायला तिला बंदी झाली, कायमची. ती बाहेर आली आणि बाकावर बसली. मी शेजारी. तिने बुटाची नाडी नीट बांधली. मग म्हणाली, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. आणि मग तिचे डोळे भरून आले, बावीस वर्षांसाठी. मी ते भरू दिले.

तेवढ्यात साहेब जिना चढून वर आले. त्यांच्या हातात कागद होता. जोडबसच्या आणखी अकरा गाड्या येणार होत्या आणि मागे घ्यायला शिकवणारं माणूस अख्ख्या खात्यात नव्हतं. आवारात, शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी, हाताने दाबायचा वेगळा ब्रेक असलेल्या सीटवर बसायचं. पायाचं काम नाही. साहेब एरवी हुकूम सोडणारे, पण त्या दिवशी त्यांनी, जमेल का, असं विचारलं. तिने नाक पुसलं आणि पहिला प्रश्न केला, की पिंपं किती मिळतील. सोळा, साहेब म्हणाले. चाळीस लागतील, ती म्हणाली.

आता दीड वर्ष झालं. तिच्या हाताखालून एकोणतीस जण तयार झाले. भावजींनी त्या डबीच्या सहा प्रती केल्या, त्या वर्गात फळ्यांवर ठेवलेल्या असतात. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावते आणि स्वतः खाली वाकून एकेकाची बोटं बघते. पुरुष मंडळी लाजतात, ती ऐकत नाही. तिसऱ्या तुकडीत एकाच्या करंगळीखाली जखम सापडली, त्याला पत्ताच नव्हता. त्याच तासाला तिने त्याला डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. हाडापर्यंत गेली नव्हती. तीन आठवड्यांत तो परत आला, सगळी बोटं घेऊन.

परवाच्या सोमवारी नवी तुकडी सुरू झाली. कंडक्टरांनाही परीक्षा देऊन ड्रायव्हर होता येईल असा नियम निघालाय, आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी अर्ज टाकलाय. पिंपांच्या दोन रांगा, सकाळची वेळ, मी स्टिअरिंगवर, आणि माझ्या अठरा मीटर मागे कुठेतरी माझ्या गाडीचं शेपूट.  ती शेजारच्या सीटवर बसली, हाताच्या ब्रेकवर बोटं ठेवली आणि म्हणाली, "घे मागे. घाई नको, आपल्याकडे सबंध दिवस आहे."

मी चाक फिरवलं.